मित्रपारख मंडळाचा चौतीस कलमी तक्ता

मधुसूदनराव लांजेवार येताना दिसले की पानठेल्यावरचं बोलणं थांबायचं. पहिल्यांदा थांबलं तेव्हा त्यांना वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा वाटलं, आदर. पाटबंधारे खात्यातला हेडक्लार्क आला म्हणजे माणसांनी जरा सावरून बसावं, यात त्यांना गैर काही वाटत नव्हतं. पण रुपराव काळमेघ आणि चंपतराव उमाठे हे त्यांचे वीस वर्षांचे मित्र. हनुमाननगरात प्लॉट घेतले तेव्हापासूनचे. ते दोघं सलग नऊ दिवस त्यांना पाहून एकदम, "यंदा संत्रं बारीक आलं गा," असं म्हणायला लागले, आणि महिना ऑगस्ट होता. ऑगस्टमध्ये नागपुरात संत्रं बारीक नसतं की मोठं नसतं. ते नसतंच.

"मले पाहून विषय बदलते ते," मधुसूदनरावांनी घरी सांगितलं.

त्यांच्या पत्नी सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या. "मंग विचारा ना त्याहीले, काहून बदलता म्हणून."

हा सल्ला इतका सोपा होता की मधुसूदनरावांना तो अपमानास्पद वाटला. ज्या माणसाच्या टेबलावरून सरळ अर्जसुद्धा तीन शेरे घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्यानं उठून मित्राला तोंडावर विचारायचं?

शेजारी गोपाळराव राहायचे. त्यांना प्रत्येक बाबतीतलं कळायचं आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नव्हतं. त्यांनीच एका हिंदी मासिकातली जाहिरात कापून आणून दिली. 'आपके मित्र पीठ पीछे क्या कहते हैं? घर बैठे जानिए. मित्रपारख मंडल, पोस्ट बॉक्स, दिल्ली. पूर्ण गोपनीयता.' वर एका माणसाचं चित्र होतं. त्याचा कान त्याच्या डोक्याएवढा होता.

"फसवाफसवी तं नसन ना?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"दिल्लीची हाय," गोपाळराव म्हणाले. "अन् पोस्ट बॉक्स हाय. सरकारनं ओळखल्याबिगर पोस्ट बॉक्स देते का कोणी?"

मधुसूदनरावांना हे पटलं. सरकारी माणसाला सरकारनं ओळखलेली गोष्ट पटतेच.

आठवड्यानं जाडजूड पाकीट आलं. आत चौतीस कलमांचा छापील तक्ता होता. मित्राचं मन ऐकायचं यंत्र आणि निकाल दोन्ही मिळतील, पण आधी ज्या मित्राची पारख करायची त्याची माहिती भरून पाठवावी लागेल. तक्ता जितका भरगच्च, तितका निकाल अचूक, असं खाली ठळक छापलं होतं. मित्र हसताना दात दाखवतो की लपवतो? मित्राच्या पत्नीचं माहेर कोणतं? मित्राला कोणत्या देवाची भीती वाटते? आणि एकोणिसावं कलम: मित्राच्या घरातली अशी कोणती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, जी चारचौघांना ठाऊक नाही?

आता मधुसूदनरावांचा स्वभाव असा की कागदावर रिकामा रकाना दिसला की त्यांना ठसका लागल्यासारखं व्हायचं. अर्धवट भरलेला फॉर्म त्यांनी उभ्या नोकरीत कोणाला पाठवला नव्हता. रुपरावाचं नाव वर लिहिलं आणि ते एकेक कलम भरत सुटले. एकोणिसाव्याशी जरा थबकले. मग जागा पुरेना म्हणून पुरवणी जोडली.

गोष्ट अशी होती. रुपराव अजनी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होता. त्याची मोठी मुलगी प्रेमलता हिचं लग्न दोन वर्षांपूर्वी अकोल्याला तिच्या मामाच्या घरी चार माणसांत लागलं होतं. अकराव्या दिवशी कळलं, नवऱ्याची पहिली बायको जिवंत आहे आणि खंडव्याला आहे. पोरगी परत आली. मोहल्ल्यात सांगितलं, मामीचं बाळंतपण होतं म्हणून गेली होती. रुपरावानं ही गोष्ट फक्त दोन मित्रांना सांगितली होती, सांगताना पार्सल ऑफिसच्या मागं गोणपाटावर बसून रडला होता. मधुसूदनरावांनी हे सगळं स्वच्छ अक्षरात, 'सदरहू कन्या', 'निष्पन्न झाले', 'सबब गोपनीय' अशा भाषेत लिहिलं. खाली कार्बन घातला होता, स्थळप्रत राहावी म्हणून. पोस्टात टाकताना त्यांच्या मनात एवढंच आलं, की काम कसं टापटीप झालं.

यंत्र व्ही.पी.नं आलं, पोस्टमनला पैसे मोजून सोडवून घेतलं. पत्र्याची वाटी, तिला रबराची नळी, नळीच्या टोकाला कानात घालायची दोन बोंडं. वाटी भिंतीला लावा आणि मित्राचं हृदय ऐका, असं सूचनापत्रकात होतं. मधुसूदनरावांनी रविवारी दुपारी चंपतरावांच्या घरामागची बोळ गाठली. आत रुपराव आलेला त्यांनी पाहिला होता. त्यांनी वाटी भिंतीला लावली. आधी फक्त घूं घूं ऐकू आलं. ते त्यांचंच डोकं होतं. मग फार लांबून, विहिरीतून यावा तसा रुपरावाचा आवाज आला: "...मधूले नको सांगू सध्या..."

पुढचं ऐकायच्या आत चंपतरावांच्या पत्नी अंजनाबाई मोरीचं पाणी फेकायला मागच्या दारात आल्या.

"भाऊजी! काय करून राहिले इथं?"

कानात नळ्या, हातात वाटी. माणसाला अशा वेळी काय सुचेल ते सांगता येत नाही. मधुसूदनराव म्हणाले, "ओल. ओल तपासून राहिलो भिंतीची. खात्याचं नवीन यंत्र हाय."

अंजनाबाईंना फार आनंद झाला. त्यांच्या न्हाणीघराची भिंत चार वर्षं ओली होती. त्यांनी मधुसूदनरावांना हाताला धरून आत नेलं. न्हाणीघर झालं, देवघर झालं, गव्हाच्या कोठीमागचा कोपरा झाला. प्रत्येक ठिकाणी ते वाटी लावत, डोळे मिटत आणि गंभीरपणे म्हणत, "हाय. हाय ओल." चंपतराव चित्रकलेचे निवृत्त मास्तर. ते आणि रुपराव मागं मागं कौतुकानं फिरत होते. सोमवारी सकाळी मधुसूदनरावांच्या फाटकाशी सात माणसं उभी होती, भिंती तपासून द्या म्हणून. एकानं तर लेखी अर्ज आणला होता, आणि त्यावर आवक क्रमांक मिळेल का असं तो विचारत होता. गोपाळराव सगळ्यांना रांगेत लावत होते. मधुसूदनरावांनी त्या आठवड्यात बावीस घरांच्या ओल्या भिंतींना कान लावला. सर्दी झाली ती दसऱ्यापर्यंत टिकली.

पण 'मधूले नको सांगू' हे त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. वरून मंडळाचा निकाल आला. टाईप केलेला, खाली शिक्का. 'आपला मित्र र. हा आपल्या यशावर जळतो. तो गोड बोलतो, पण त्याच्या मनात काटा आहे. सावध.' आपल्या कोणत्या यशावर, हे मधुसूदनरावांना नीट समजलं नाही. तरी निकाल खोटा वाटला नाही. स्वतःवर कोणीतरी जळतं आहे, ही बातमी अविश्वासानं वाचणारा माणूस विरळाच. त्यांनी पानठेल्यावर जाणं बंद केलं. रस्त्यात रुपराव सायकलवरून "काहो मधू" म्हणाला, तर यांनी आकाशात पाहिलं.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी रुपराव घरी आला. बोलावलं नव्हतं तरी आला. दारातच चप्पल काढून तसाच उभा राहिला.

"मधू, तू माह्यावर काहून रागावला ते मले मालूम नाही," तो म्हणाला. "पण मले तुझ्याबिगर कोणी नाही आता. हे वाच."

पत्र दिल्लीहून आलेलं होतं. हिंदीत. तुमच्या मुलीचं अकोल्याचं प्रकरण आम्हाला सविस्तर ठाऊक आहे. सांगितलेली रक्कम मनीऑर्डरनं पाठवा, नाहीतर ज्यांना कळायला नको त्यांना कळेल. मुलीचं नाव, मामाचं नाव, अकरा दिवस, खंडवा. सगळं होतं. एक शब्द तर हिंदीत शोभत नव्हता, तसाच उचलून ठेवला होता: 'सदरहू'.

मधुसूदनराव तो शब्द पाहत राहिले.

"वर्धेचं स्थळ आलं होतं प्रेमलतेले," रुपराव सांगू लागला. "मास्तर हाय. त्याले अन् त्याच्या मायले मी सारं खरं सांगितलं. ते तयार झाले गा! फक्त भावकीले सांगू नका म्हणे, लग्न होईस्तोवर. म्हणून आमी दोघं ठेल्यावर हळूहळू बोलत होतो. तुले नव्हतं सांगितलं कारण तुझा आवाज मोठा. तू कानात बोलला तरी चौकात ऐकू जाते. तुले याचंच वाईट वाटलं असन तं माफ कर."

स्वयंपाकघरात सुभद्राबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ही गोष्ट मी दोघालेच सांगितली होती," रुपराव म्हणाला. "तुले अन् चंपतले. तू तं नाही. म्हणजे चंपत."

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. मधुसूदनरावांना ते वाक्य येतही होतं. ते जिभेपर्यंत आलं, दातांना लागलं आणि परत फिरलं. त्याऐवजी ते म्हणाले, "चहा घेतो का?"

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर रुपरावानं चंपतरावांना चारचौघांत विचारलं. चंपतरावांनी पान न खाता परत ठेल्यावर ठेवलं, टोपी नीट केली आणि घरी गेले. पुन्हा आले नाहीत. अंजनाबाई सुभद्राबाईंना भेटून म्हणाल्या, "दोन दिवस झाले, जेवले नाई वं हे."

मधुसूदनरावांनी मंडळाला रजिस्टर पत्र लिहिलं. 'सदरहू कन्येचे वर्धा येथील मास्तरांशी लग्न ठरत आहे, सबब आमचा तक्ता तात्काळ नष्ट करून तसे उलटटपाली कळवावे.' उलटटपाली कळवण्यात आलं. तक्ता मंडळापाशी सुरक्षित आहे, अक्षर फार सुंदर आहे, तुमच्या मित्राला ते दाखवावं अशी मंडळाची इच्छा नाही. तुमच्याकडून पैसा नको. फक्त आणखी पाच परिचितांचे तक्ते भरून पाठवा. सोबत पाच कोरे तक्ते होते.

ते पाच तक्ते त्यांनी आठवडाभर ट्रंकेत ठेवले. मग त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्याबद्दल त्यांनी स्वतःची पाठ थोपटली, हे सांगायला हवं. त्यांनी पाच मेलेली माणसं निवडली. मेलेल्या माणसाला कोण काय धमकावणार? एकोणिसावं कलम कोरं ठेवलं तर 'अपूर्ण' असा शेरा मारून तक्ते परत आले. मग त्यांनी गुपितंही मनानं रचली. त्यांच्या आधीचे हेडक्लार्क नत्थूजी बोबडे तीन वर्षांपूर्वी वारले होते. अत्यंत सरळ माणूस. ऑफिसची टाचणीसुद्धा घरी न नेणारा. त्यांच्या नावापुढे मधुसूदनरावांनी लिहिलं: कामठीला दुसरं घर. एवढ्या सरळ माणसाबद्दल हे कोणी खरं मानणारच नाही, असा त्यांचा हिशेब होता.

संक्रांतीच्या सुमाराला नत्थूजींच्या पत्नी सिंधूताई ऑफिसात आल्या. साठीची बाई, पायात सूज, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी दिल्लीचं पत्र काढलं.

"लांजेवार भाऊ, तुमी त्याहीच्या हाताखाली होते," त्या म्हणाल्या. "मी तीन वेळा कामठीले जाऊन आली. गोराबाजारात विचारलं, छावणीत विचारलं. कोणी सांगत नाही. तुमाले ते घर मालूम असन. मले भांडायचं नाही. लेकरंबाकरं असतील तं पाहून येतो म्हटलं, कोणाचं तोंड त्याहीच्यासारखं हाय काय."

मधुसूदनराव त्यांना व्हरांड्यात घेऊन गेले. आणि तिथं, फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेरा, संदर्भ, सबब यातलं काही न वापरता सांगितलं. "ताई, ते खोटं हाय. मी लिवलं ते. मीच. असं घर कोठंच नाही."

सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली.

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिले तुमी," त्या म्हणाल्या. "चांगले हाव. पण मी त्याहीची बायको होती ना. दर शनवारी उशीर होत होता त्याहीले. आता समजलं काहून."

दर शनिवारी नत्थूजी ऑफिसात बसून मागच्या आठवड्याच्या फायली पुन्हा तपासायचे. मधुसूदनरावांनी तेही सांगितलं. शपथ घेतली. पण सिंधूताई भिंतीला हात लावत जिना उतरून गेल्या. बसस्टँडकडे गेल्या.

त्याच महिन्यात वर्ध्याच्या भावकीतल्या चार घरांत एकाच दिवशी पत्रं पोचली. रुपरावानं पैसे पाठवले नव्हते. "एक बार देलं का दर महिन्याले मागन," तो म्हणाला होता. मास्तरच्या आईनं आठ दिवस तग धरला. मग नकाराचा निरोप आला. मास्तर स्वतः आला नाही.

होळी झाल्यावर मधुसूदनराव स्थळप्रत घेऊन पोलीस चौकीत गेले. हेडकॉन्स्टेबलनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, पोस्ट बॉक्स दिल्लीचा, तर गुन्हा दिल्लीला झाला, दिल्लीला जा. मधुसूदनरावांनी पत्र हनुमाननगरात वाचलं गेलं हे दाखवून दिलं. मग तो म्हणाला, वाचलं कोणी? ज्यानं वाचलं त्याला आणा. तक्रार त्याची, तुमची कशी होईल? तुम्ही तर... आणि तुम्ही कोण, हे कोणत्या रकान्यात बसतं ते त्याला सापडेना.

म्हणजे रुपरावाला आणणं आलं.

रुपराव अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होता. मधुसूदनराव फाटकात उभे राहिले आणि म्हणाले, "रूपा, चंपतनं नाही केलं ते. मी लिवलं होतं. फॉर्म भरून."

रुपरावानं वर पाहिलं नाही. तो पंप मारत राहिला. दहा, पंधरा, वीस. ट्यूब फुटली. त्या आवाजानं प्रेमलता दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं असं तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती वहाणा घालत म्हणाली, "चला बाबा. मी पण येतो."

चौकीत गर्दी होती. एका बाईची पितळी घागर चोरीला गेली होती, दोन दूधवाले भांडून आले होते. हेडकॉन्स्टेबलनं स्थळप्रत हातात घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"मनातल्या मनात वाचता येणार नाही का?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"मनात वाचलं तं रायटर लिवन कसा?" तो म्हणाला आणि पुढं वाचू लागला. त्याला कार्बनचं अक्षर लागत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक शब्द दोनदा म्हणत होता. "सदरहू, सदरहू कन्या... हिचा विवाह दिनांक सतरा मे, सतरा मे रोजी अकोला मुक्कामी..."

घागरवाली बाई ऐकत होती. दूधवाले भांडण विसरून ऐकत होते. रुपराव भिंतीवरच्या फरारी माणसांच्या फोटोंकडे एकटक पाहत होता.

"सोळा," प्रेमलता म्हणाली.

"काय?"

"सोळा मे. सतरा नाही. बाकी सारं बरोबर लिवलं हाय काकानं."

हेडकॉन्स्टेबलनं सतराचं सोळा केलं. मग नियमाप्रमाणे कागद तिच्यापुढं सरकवला. "दुरुस्तीवर सही करा." तिनं सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या आडनावासकट, आणि पेन टोपण लावून परत दिलं. पुढं कागद दिल्लीला जाईल, तिकडून उत्तर येईल, आलं तर कळवू, असं सांगण्यात आलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. मधुसूदनराव पायरीवर आले आणि त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांनी कठडा धरला. रुपराव पुढं चालत गेला होता. तो थांबला, मागं वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुसरं काही होतं असंही नाही. त्यानं कोपऱ्यावरच्या सायकलरिक्षाला हात केला.

"हनुमाननगर. पानी की टंकी के पास," त्यानं रिक्षावाल्याला सांगितलं. "धीरे ले जाना. इनको धूप में उलटी होती है."

मग तो मधुसूदनरावांना म्हणाला, "बस." दंडाला धरून बसवलं. आणि लेकीबरोबर पायी निघून गेला. चंपतरावांच्या घराकडे जाणाऱ्या गल्लीत ती दोघं वळली.

रिक्षावाल्यानं टप वर ओढला आणि पायडल मारत विचारलं, "भाई हैं क्या साब आपके? बहुत खयाल रखते हैं."

मधुसूदनरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते रिक्षावाल्याला दिसलं नाही. तो पुढं पाहत होता.